रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही? अडतंय कुठे ते असं शोधा

संध्याकाळी साडेसातला ऑफिस बंद करताना लावलेला बॅकअप सकाळी दहाला कुलूप उघडलं तरी ‘६३ टक्के’ दाखवत बसलेला असेल, तर बहुतेक लोक दोनपैकी एक करतात. एक तर पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन नवा राउटर आणतात, नाहीतर बॅकअप सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये दिसेल त्या चौकोनात टिक मारत सुटतात. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात रविवार. वेग मात्र तेवढाच राहतो, कारण अडलंय कुठे हे कोणी मोजलेलंच नसतं.

डेटाचा रस्ता असा असतो: कॉम्प्युटरची डिस्क, कॉम्प्युटर, केबल, स्विच (अनेक केबली एकमेकींना जोडणारी पेटी) किंवा राउटर, पुन्हा केबल, नास आणि शेवटी नासमधली डिस्क. नास म्हणजे नेटवर्कला जोडलेली, स्वतःचा छोटा प्रोसेसर असलेली डिस्कची पेटी. या रस्त्यात बहुधा एकच टप्पा अडतो. तो हुडकायचा आणि तेवढाच दुरुस्त करायचा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर परत मोजा. केबल आणि सेटिंग एकदम बदलली आणि वेग वाढला, तर कशाने वाढला ते कळायला मार्ग उरत नाही.

खालचं सगळं घर किंवा पाच-दहा कॉम्प्युटरचं ऑफिस धरून लिहिलं आहे. जवळ ठेवा: एक जास्तीचा लॅपटॉप, एक कॅट ६ पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर लावून कंपनीतून तयार होऊन आलेली नेटवर्क केबल; कॅट ६ ही तिची प्रत), ५ ते १० जीबीची एकच मोठी फाइल, कागद आणि पेन.

पायरी १: बिट, बाइट आणि एक बेरीज-वजाबाकी

नेटवर्कवाले मेगाबिटमध्ये बोलतात, कॉपी करणारी खिडकी मेगाबाइटमध्ये दाखवते. ८ बिटांचा १ बाइट. म्हणून १००० मेगाबिटची म्हणजे गिगाबिट लाइन सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट नेते आणि वरखर्च वजा जाता हातात ११० ते ११८ पडतात. १०० मेगाबिटच्या लाइनवर हाच आकडा ११ ते ११.८ असतो. ‘माझी हजारची लाइन आहे आणि वेग एकशेदहाच येतो’ ही तक्रार असेल तर ती तक्रार नाही, सगळं ठीक आहे. वाचन इथेच थांबवायला हरकत नाही.

आता वरच्या उदाहरणाचा हिशोब करा. डेटा ९०० जीबी आहे आणि वेग ११ मेगाबाइट. वेळ लागणार पावणेतेवीस तास. साडेसात ते दहा म्हणजे साडेचौदा तास, म्हणजे साधारण ६३ टक्के. तोच डेटा ११० च्या वेगाने सव्वादोन तासांत, रात्री दहाच्या आत जाऊन पडला असता. टक्केवारीकडे बघत बसण्यापेक्षा असा उलटा हिशोब केला तर अर्धं निदान तिथेच होतं.

पायरी २: एक मोठी फाइल टाकून पाहा

बॅकअप सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा. ती मोठी फाइल नासच्या शेअर फोल्डरमध्ये हाताने कॉपी करा. पहिली वीस-तीस सेकंद आकड्याकडे दुर्लक्ष करा, कारण सुरुवातीला डेटा मेमरीत साठतो आणि वेग खोटा चढा दिसतो. नंतर स्थिरावलेला आकडा लिहून घ्या. मग तीच फाइल नासवरून परत कॉम्प्युटरवर आणा आणि तोही आकडा लिहा. जाताना आणि येताना वेगळे आकडे आले तर ते फार कामाचे असतात, विशेषतः डिस्कच्या बाबतीत.

आकडा ११ च्या आसपास एखाद्या रेघेसारखा सरळ चालला असेल, तर कुठलीतरी जोडणी १०० मेगाबिटवर घसरली आहे. थेट पायरी ३. आकडा ३० ते ४० वर अडकला असेल तर संशय तिघांवर: यूएसबी २.० पोर्ट, वायफाय, किंवा नासचा दमलेला प्रोसेसर. सुरुवातीला ११० आणि काही जीबी गेल्यावर एकदम २०-३० म्हणजे डिस्क. वेग करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होतो, मधेच शून्यावर जातो: खराब केबल, वायफाय किंवा मरणपंथाला लागलेली डिस्क. आणि मोठी फाइल झकास ११० ने गेली पण बॅकअप तरीही रांगतोय, तर नेटवर्कला दोष देऊ नका, पायरी ५ वर या.

पायरी ३: जोडणी किती वेगाची झाली आहे?

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट असं गेलं की लिंक स्पीड दिसतो. तिथे १०००/१००० पाहिजे. १००/१०० दिसलं तर चोर सापडला. हे फक्त कॉम्प्युटर आणि स्विच यांच्यातल्या केबलबद्दल झालं. नासकडे जाणारी केबल वेगळी, म्हणून नासच्या कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्कच्या पानावर जाऊन तिथलाही वेग बघा. नवखे लोक चुकतात ते इथेच: आपल्या बाजूला हजार दिसलं की नेटवर्कला क्लीन चिट देतात, आणि नास पलीकडे शंभरवर बसलेला असतो.

जोडणी शंभरवर घसरते ती तीन कारणांनी.

पहिलं, मधल्या पेटीचे पोर्टच शंभरचे असतात. इंटरनेट कंपनी फुकट देते त्या फायबरच्या पेटीत अनेकदा एकच पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे जुन्या फास्ट इथरनेटचे. ‘फास्ट’ या नावावर जाऊ नका, ते शंभरलाच म्हणतात. खालच्या स्टिकरवर किंवा मॉडेलच्या माहितीत ‘जीई’ आणि ‘एफई’ अशी अक्षरं सापडतात: जीई म्हणजे गिगाबिट, एफई म्हणजे शंभर. उपाय स्वस्त आहे. पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच घ्या, कॉम्प्युटर आणि नास दोन्ही त्यात लावा आणि स्विचमधून एकच केबल राउटरला द्या. बॅकअपचा डेटा मग राउटरमधून जातच नाही.

दुसरं, कोणीतरी कधीतरी नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘१०० फुल डुप्लेक्स’ असं हाताने बांधून ठेवलेलं असतं. फुल डुप्लेक्स म्हणजे दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलणं, हाफ म्हणजे आळीपाळीने. एक बाजू बांधलेली आणि दुसरी ऑटोवर असली की दुसरी बाजू हाफ डुप्लेक्सवर जाते, दोघं एकमेकांवर आदळत राहतात आणि वेग शंभरच्या लाइनलाही लाज वाटेल इतका पडतो. दोन्हीकडे ऑटो निगोशिएशन, म्हणजे वेग आपसात ठरवायची सोय, चालू ठेवा. तांब्याच्या गिगाबिट जोडणीला ते लागतंच.

तिसरं कारण सगळ्यात जास्त सापडतं: केबल. इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे.

केबलमध्ये आठ तारा म्हणजे चार जोड्या असतात. शंभर मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात, १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिना. गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे ४, ५, ७, ८ पैकी एक जरी तार कनेक्टरमध्ये नीट चावली गेली नसेल, तरी जोडणी तुटत नाही, निमूटपणे शंभरवर उतरते. इंटरनेट चालतं, प्रिंटर चालतो, कुणाला काही कळत नाही. रडतो तो फक्त बॅकअप.

केबलचं टोक उजेडात धरा. कनेक्टरची अडकवायची क्लिप खाली आणि सोनेरी पट्ट्या वर ठेवून, टोक आपल्यापासून दूर धरलं की डावीकडून रंग असे दिसायला हवेत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्रत्येक तांब्याचं टोक पारदर्शक प्लॅस्टिकच्या अगदी पुढच्या भिंतीला टेकलेलं दिसलं पाहिजे. बाहेरचं राखाडी आवरण कनेक्टरच्या आत पाचरीखाली दाबलेलं हवं. ते बाहेर राहिलं असेल तर प्रत्येक वेळी केबल हलली की ताण थेट तारांवर येतो आणि सहा महिन्यांत त्यातली एक सुटते.

एक फसवी चूक आहे. काही वायरमन आठही तारा रंगाच्या जोड्यांप्रमाणे ओळीने लावतात, दोन्ही टोकांना सारख्याच. दिवेवाला स्वस्त टेस्टर एक ते आठ सगळे दिवे लावून ‘पास’ देतो, कारण प्रत्येक तार सरळ पोचलेली असते. पण ३ आणि ६ या पिना मग एकाच पिळाच्या जोडीत राहत नाहीत. जोडीचा पीळ हाच केबलचा विद्युत गोंगाटापासून बचाव असतो. तो मोडला की एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपतो, डेटाची पाकिटं बाद होतात आणि परत पाठवावी लागतात. लांबी दोन-तीन मीटर असेल तर भागून जातं, पंधरा-वीस मीटरला वेग कोसळतो.

केबल घेताना आवरणावर ‘सीसीए’ लिहिलं असेल तर ती अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे. वाकवली की तुटते आणि ती कॅटेगरीच्या मानकात बसत नाही. अख्ख्या तांब्याची कॅट ५ई असली तरी १०० मीटरपर्यंत गिगाबिटला पुरते. उगीच कॅट ८ साठी पैसे घालू नका.

खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे तयार पॅच कॉर्डने कॉम्प्युटर नासशेजारी नेऊन त्याच स्विचला जोडणं. आकडा ११ वरून ११० झाला तर भिंतीतली केबल दोषी. आधी दोन्ही टोकं नव्याने क्रिम्प करा, म्हणजे नवे कनेक्टर दाबून बसवा. भिंत फोडायची वेळ क्वचित येते.

पायरी ४: नेटवर्क आणि डिस्क वेगवेगळे मोजा

फाइल कॉपी करताना डिस्क आणि नेटवर्क दोन्हींची परीक्षा एकदम होते. फक्त नेटवर्क मोजायला ‘आयपर्फ-३’ हा फुकटचा प्रोग्रॅम वापरा. नासची केबल काढून ती जास्तीच्या लॅपटॉपला लावा, म्हणजे तोच पोर्ट आणि तीच केबल तपासली जाते. लॅपटॉपवर प्रोग्रॅम सर्व्हर म्हणून चालवा, कॉम्प्युटरवर क्लायंट म्हणून, लॅपटॉपचा आयपी पत्ता देऊन. विंडोज फायरवॉल परवानगी विचारेल, ती प्रायव्हेट नेटवर्कसाठी द्या. नाही दिली तर प्रोग्रॅम नुसता थांबून राहतो आणि लोकांना वाटतं केबलच मेली.

उत्तर मेगाबिटमध्ये येतं. ९४० च्या आसपास आलं तर गिगाबिट लाइन ठणठणीत. ९४ म्हणजे शंभरची जोडणी, पायरी ३ परत वाचा. ३०० च्या आसपास आलं आणि लॅपटॉपला यूएसबीतून नेटवर्क जोडलं असेल, तर तो डोंगल यूएसबी २.० पोर्टात खोचलेला असणार. निळा, म्हणजे यूएसबी ३ चा पोर्ट शोधा. चाचणी उलट्या दिशेनेही घ्या, त्यासाठी त्यात वेगळा पर्याय असतो. एका दिशेला ९४० आणि दुसरीला २०० असं निघालं तर केबलकडे किंवा नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवा.

नेटवर्क निर्दोष सुटलं की उरतात डिस्का. साधी फिरणारी हार्ड डिस्क रिकामी असताना ओळीने लिहायला सेकंदाला १५० ते २०० मेगाबाइट देते, पण भरत जाते तसा डेटा आतल्या वर्तुळांवर पडतो आणि वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. ९५ टक्के भरलेल्या नासकडून पहिल्या दिवसाच्या वेगाची अपेक्षा करू नये.

‘आधी ११०, मग २०’ हा आजार मात्र वेगळा, एसएमआर डिस्कचा. जुन्या वाड्याच्या छपरावरची कौलं आठवा, एकाची कड दुसऱ्यावर चढलेली. या डिस्कवर डेटाचे पट्टे तसेच एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणून कमी जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. मधला एक पट्टा लिहायचा तर शेजारचे पट्टेही परत लिहावे लागतात. सुरुवातीचे काही जीबी डिस्क एका राखीव पट्ट्यात पटकन घेते. तो भरला की खरं काम सुरू होतं आणि वेग बसतो. नासच्या नावाने विकल्या जाणाऱ्या डिस्कही यातून सुटलेल्या नाहीत: २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं की त्यांच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या. रेड प्लस आणि रेड प्रो या मालिका सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेल्या आहेत. डिस्क घेताना दुकानदाराला ‘सीएमआर आहे का’ एवढंच न विचारता मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत स्वतः बघा.

डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये किंवा नासच्या स्टोरेज पानावर दिसते. ‘पेंडिंग सेक्टर’चा आकडा शून्याच्या वर असेल तर वेग वगैरे विसरा, आधी डेटा दुसरीकडे हलवा. ‘सीआरसी एरर’ वाढत असतील तर डिस्क नव्हे, तिची साटा केबल बदला.

शिवाय नास त्या वेळी दुसरंच काही करत नाही ना, हेही बघा. रेडची (वरची रेड मालिका नव्हे, अनेक डिस्क एकत्र बांधायची रचना) दुरुस्ती, महिन्याची डेटा तपासणी, फोटोंची छोटी चित्रं बनवणं ही कामं गुपचूप चालतात. लग्नाचे ४,००० फोटो चढवले की पुढचे काही तास नास त्यांच्यातच गुंतलेला असतो.

पायरी ५: लहान फाइलींचा पसारा

सीएच्या ऑफिसात, शाळेत, वकिलाकडे बॅकअप रेंगाळतो तो बहुतेक इथे. प्रत्येक फाइल पाठवताना ‘उघड, नाव लिही, तारीख लिही, बंद कर’ असा नासशी पत्रव्यवहार होतो. फाइल १० जीबीची असो की २० केबीची, हा खर्च ठरलेला. १ लाख फाइली, प्रत्येकी २० केबी, म्हणजे एकूण फक्त २ जीबी. गिगाबिटवर हे वीस सेकंदांचं काम. पण फाइलमागे ५ मिलिसेकंद जरी गेले तरी ५०० सेकंद होतात, वेग दिसतो ४ मेगाबाइट. फिरणाऱ्या डिस्कवर फाइलमागे २० मिलिसेकंद लागले तर अर्ध्या तासाच्या वर. केबल सोन्याची टाकली तरी यात फरक नाही.

उपाय दोन. एक, बॅकअप अशा प्रोग्रॅमने घ्या जो लहान फाइलींची मोठी गाठोडी बांधून पाठवतो किंवा अख्ख्या डिस्कची प्रतिमा घेतो. दुसरा, एका वेळी अनेक फाइली पाठवा. विंडोजमधल्या रोबोकॉपी या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘एमटी’ हा पर्याय दिला की तो एकदम आठ धागे लावतो; १६ किंवा ३२ करून बघा, त्यापुढे फिरणारी डिस्कच गोंधळते. त्याच रोबोकॉपीत कुठून तरी उतरवून घेतलेला ‘झेड’ पर्याय असेल तर काढून टाका. तुटलेली कॉपी पुढे चालू ठेवायची सोय त्यात आहे, पण चांगल्या नेटवर्कवर ती वेग खाते. लिनक्सवर आर-सिंक हा कॉपीचा प्रोग्रॅम वापरताना ‘झेड’ म्हणजे दाबून पाठवणं. फोटो-व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, ते परत दाबण्यात प्रोसेसरच दमतो.

टॅलीचं फोल्डर कंपनी उघडी असताना थेट उचलू नका. आधी टॅलीच्या स्वतःच्या सोयीने बॅकअप काढा आणि तो नासवर पाठवा.

पायरी ६: कुलपं आणि पहारेकरी

अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून बघतो. बॅकअप चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये त्याचा प्रोसेसरवरचा भार वर असेल, तर फक्त बॅकअप प्रोग्रॅमला त्यातून सूट द्या. पहारेकऱ्यालाच घरी पाठवू नका.

नासवरचं एनक्रिप्शन, आणि आर-सिंक एसएसएचमधून (कुलूपबंद जोडणीतून) चालवणं, ही स्वस्त नासच्या प्रोसेसरला न झेपणारी कामं. नासच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये एक कोर १०० टक्क्यांवर आणि नेटवर्क ३० मेगाबाइटवर दिसलं तर हेच. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून फाइल शेअरिंगला डिजिटल सही सक्तीची झाली आहे. विंडोज अपडेटच्या दुसऱ्याच दिवशी जुना नास हळू झाला असेल तर हे कारण तपासा. सही बंद करण्याआधी नासचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा.

जंबो फ्रेमच्या, म्हणजे नेहमीच्या १५०० बाइटऐवजी ९००० बाइटची पाकिटं पाठवायच्या सेटिंगच्या वाटेला मात्र जाऊ नका. सगळीकडे ९००० आणि एका प्रिंटरवर किंवा जुन्या स्विचवर १५०० राहिलं की मोठी पाकिटं वाटेतच गळतात, आणि ‘पिंग जातंय पण फाइल अडकते’ असं भूत मागे लागतं. एक गिगाबिटवर मिळणारा फायदा त्या त्रासाच्या मोलाचा नाही.

वायफायवरून बॅकअप घेत असाल तर

पहिला पूर्ण बॅकअप तरी केबलनेच घ्या, १५ मीटरची कॅट ६ दिवसभर जमिनीवर पसरली तरी चालेल. राउटरजवळ ५ गिगाहर्ट्झवर ५०-६० मेगाबाइट मिळतात, पण भिंती मोजा. सदाशिव-नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि वाकड-हिंजवडीच्या टॉवरमधल्या मिवानच्या काँक्रीट भिंती, दोन्ही ५ गिगाहर्ट्झला सारख्याच वैरी. लॅपटॉप मग मुकाट २.४ वर जातो, जिथे शेजारच्या वीस फ्लॅटचे राउटर आधीच बडबडत असतात. नाससुद्धा वायफायवर असेल तर प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जातं, वेग निम्मा. मॅकच्या टाइम मशीन या बॅकअप प्रोग्रॅमवरून नेटवर्क जोखू नका. तो मुद्दाम दबकत चालतो.

इंटरनेटवर बॅकअप पाठवायचा असेल तर डाउनलोड नव्हे, अपलोडचा वेग विचारात घ्या. ५० मेगाबिट अपलोडवर १ टीबी जायला साडेचव्वेचाळीस तास. घरातली एकही केबल बदलून हे कमी होत नाही.

वेळ ठरवताना गुरुवार टाळा. पुण्यात वीज देखभालीसाठी बंद राहते ती बहुतेकदा गुरुवारी, आणि बुधवारी रात्री लावलेला लांबलचक बॅकअप सकाळी अर्ध्यात तुटतो. काही प्रोग्रॅम मग पहिल्यापासून सुरू करतात. नासला यूपीएस द्या आणि त्याच यूपीएसवर स्विचही लावा. नास जागा आणि स्विच झोपलेला, याचा उपयोग नाही.

दुरुस्ती झाली की त्याच मोठ्या फाइलने परत मोजा. जातानाचा आकडा, येतानाचा आकडा, दोन्ही बाजूंचा लिंक स्पीड आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून नासच्या कडेला लावा. सहा महिन्यांनी पुन्हा ‘स्लो झालंय’ अशी ओरड झाली की तीच फाइल टाका. १११ चे ११ झाले असतील तर सरळ कनेक्टर हातात घ्या. १११ च असतील तर फाइलींची संख्या मोजा.